उ: एप्रिलमध्ये खिंडसीचा काठ: गाडी आणि पोहणे

मुलांना घेऊन कार रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या थेट पाण्यापर्यंत नेता येईल का आणि तिथे पोहता येईल का, असा प्रश्न होता. कार नेऊ नका. नागपूरहून मनसर, तिथून रामटेक आणि पुढे तलाव, असा साधारण ५० किलोमीटरचा रस्ता चांगला आहे. खरी अडचण शेवटच्या शंभर मीटरांची.

पाणी ओसरलं की उघडा पडणारा काठ म्हणजे समुद्राची वाळू नव्हे, गाळ. वरची पपडी उन्हाने वाळून भेगाळते, खालची चिकणमाती मात्र ओलीच असते. टाच जोरात दाबून बघा. पपडी फुटून ओल लागली की तिथेच थांबा आणि गाडी मागे मुरमावर लावा. चाक रुतलंच तर रेस देऊ नका, ते आणखी खाली जातं. चाकातली हवा २० पौंडांपर्यंत उतरवा, चाकामागे पोती किंवा चपटे दगड सरकवा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू रिव्हर्स घ्या. हवा भरायचा पंप सोबत हवाच.

पोहण्याचं म्हणाल तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ असंच आहे. गुडघाभर पाण्यातही पुढचं पाऊल अचानक खोल जाऊ शकतं, शिवाय मासेमारीची जाळी दिसत नाहीत. बोटिंग करा, लाइफ जॅकेट घालून.

सकाळी साडेसहाला पोहोचा, दहाला निघा. उघड्या खडीवर टिटवी अंडी घालते, अगदी खड्यांसारखी दिसणारी. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर आल्या वाटेने मागे फिरा. गाळपेरीतली, म्हणजे ओसरलेल्या पाण्याच्या गाळात पिकवलेली टरबुजं मात्र तोडू नका, विकतच घ्या!