सेटचा पहिला पेपर: मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मी देवगडची. मराठीत एम.ए. झालंय, आता सेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) द्यायची आहे. विषयाच्या १०० प्रश्नांची फारशी धास्ती नाही. घोडं अडतं ते पहिल्या पेपरात (अध्यापन, तर्क, आकडेवारी असा सगळ्या विषयांच्या उमेदवारांना सारखाच असलेला पेपर). ५० प्रश्न आणि एकच तास! निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही सोडायचा नाही. पण आकडेवारीच्या तक्त्यातच माझी पंधरा मिनिटं जातात. (दहावीनंतर गणिताकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याची फळं.) क्लाससाठी रोज कणकवलीला जाणं-येणं परवडत नाही, आणि घरी आंब्याचा सीझन लागला की पेट्या भरण्यातून डोकं वर निघत नाही. पहाटेचे दोन तास तेवढे माझे. त्यात आधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवू की अभ्यासक्रम संपवू? घर सांभाळून सेट झालेल्या कुणी सांगाल का?