पेलेट स्टोव्ह उन्हाळ्यासाठी बंद करताना (घरचा ग्रुप, न्यू हॅम्पशायर-व्हरमाँट)

वहिनी (नॅशुआ): या आठवड्यात दिवसा ६० डिग्री फॅरनहाइट दाखवतंय, रात्रीही ४० च्या खाली जात नाही. स्टोव्ह आता बंदच करावा म्हणते. हॉपरमध्ये (वरच्या टाकीत) अर्धी बॅग पेलेट्स उरलेत. तसेच ठेवले तर ऑक्टोबरपर्यंत टिकतील का?

मामा (कीन): ठेवू नकोस गं. पेलेट म्हणजे नुसता दाबलेला भुसा. जुलै-ऑगस्टची दमट हवा लागली की तो फुगतो आणि सुटतो. हॉपरच्या तळाशी जो बारीक भुगा असतो तो तर आधीच ओल धरतो, ऑगरच्या (पेलेट्स पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या) नळीत बसतो आणि लाकडासारखा घट्ट होतो. ऑक्टोबरात बटण दाबलं की ऑगर फिरत नाही, सगळा ताण त्याच्या गिअरमोटरवर येतो.

मामा (कीन): नवीन बॅग ओतू नकोस, आहेत तेवढे जाळून संपव. शेवटची १५-२० मिनिटं मोठ्या आचेवर चालव. एप्रिलमध्ये आपण सगळे स्टोव्ह मंद ठेवतो, आणि मंद आचेवरच काजळी जास्त धरते. मोठ्या आचेने ती सुकते, मग खरवडायला सोपी जाते.

दादा (काँकर्ड): आणि पेलेट्स संपले म्हणून लगेच प्लग ओढायचा नाही. लाकडाच्या स्टोव्हसारखी याला चिमणीची ओढ नसते, धूर बाहेर ढकलतो तो एक्झॉस्टचा पंखा. आत निखारे असताना वीज गेली तर धूर घरात. पंखे आपोआप थांबू देत, रात्रभर थंड होऊ दे, प्लग दुसऱ्या दिवशी काढ.

वहिनी (नॅशुआ): बरं. साफसफाईला सप्टेंबरमध्ये माणूस बोलवेन, तोपर्यंत नुसता बंद ठेवते.

मामा (कीन): इथेच सगळे चुकतात. सफाई आत्ता करायची, सप्टेंबरात नाही. राखेने भांडी घासताना पाणी बुळबुळीत होतं ना? तो राखेतला क्षार. लाकडाची राख हवेतलं पाणी ओढून घेते, त्या क्षाराचा ओला लेप पत्र्यावर चार महिने बसून राहतो आणि खालून गंज चढतो. बर्नपॉट (पेलेट्स जळतात ते भांडं), एक्झॉस्ट पंख्याची पाती, व्हेंटचा म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, सगळीकडे तेच. आज जी राख ब्रशने झडते, तीच सप्टेंबरात सिमेंटसारखी खरवडावी लागते.

मामा (कीन): दुसरं असं की आता एखादा भाग खराब निघाला तर मागवायला पाच महिने हातात आहेत. पहिली थंडी पडली की सर्व्हिसवाल्यांना तुझ्यासारखेच सगळे फोन करतात.

वहिनी (नॅशुआ): पटलं. मग या शनिवारीच करू. कुठून सुरुवात करू?

दादा (काँकर्ड): आधी व्हॅक्यूम कोणता आहे ते सांग. घरातला नेहमीचा अजिबात लावू नकोस. पेलेटची राख मैद्यापेक्षा बारीक, साध्या पिशवीतून आरपार जाऊन सगळ्या खोलीभर बसते. आणि एक निखारा आत गेला तर कागदी पिशवी पेटते. राखेसाठीचा धातूचा व्हॅक्यूम मिळतो तो घे, किंवा कुणाकडून एका दिवसासाठी आण.

दादा (काँकर्ड): राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा सिमेंटवर, घरापासून लांब. लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये नको. राखेखाली निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

मामा (कीन): आता क्रम. बर्नपॉट बाहेर काढ, तळ खरवड. त्याची सगळी भोकं मोकळी झाली पाहिजेत, बारीक ड्रिल-बिट हाताने फिरवलं की होतात. इग्नायटरसमोरचं (जाळ पेटवणाऱ्या कांडीसमोरचं) भोक विसरू नकोस. मग हीट एक्स्चेंजरच्या (खोलीची हवा तापवणाऱ्या) नळ्या, त्यांचा खरवडायचा दांडा आठ-दहा वेळा मागेपुढे कर. त्यानंतर आतल्या मागच्या विटा किंवा पत्रा काढायचा. बरेच जण इथेच थांबतात, कारण समोरून स्टोव्ह स्वच्छ दिसतो. पण धुराची वाट त्या पत्र्याच्या मागून जाते, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कप्प्यांत वाटीवाटीने राख साचलेली असते. कप्पे नेमके कुठे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेव. हॉपरमधला भुगाही व्हॅक्यूमने काढ, ऑगरच्या तोंडापर्यंत.

वहिनी (नॅशुआ): एक्झॉस्टचा पंखा स्वतः काढता येईल?

मामा (कीन): येईल, पण त्याचं नवं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) आधी आणून ठेव. जुनं काढताना फाटतंच, आणि फाटकं लावलं तर धूर खोलीत झिरपतो. पाती मऊ ब्रशने साफ कर, वाकवू नकोस. एक पातं वाकलं तरी तोल जातो आणि पंखा घुरघुरायला लागतो. खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा आहे त्यात राख नसते, धूळ आणि कुत्र्याचे केस असतात. तोही बघ. तेल फक्त मोटरला तेलाचं भोक असेल तरच, एक-दोन थेंब, मोटरचंच तेल. गंज सोडवायचा स्प्रे बेअरिंगवर मारू नकोस, त्याने आतलं वंगण धुऊन जातं.

दादा (काँकर्ड): व्हॅक्यूम स्विचची (धुराची ओढ कमी झाली की स्टोव्ह बंद करणाऱ्या स्विचची) छोटी रबरी नळी पण साफ कर. स्विचच्या बाजूने सोडवायची आणि फुंकर स्टोव्हच्या दिशेने मारायची. स्विचमध्ये फुंकलं तर आतला पडदा फाटतो. ही नळी राखेने बुजली की स्टोव्ह मधेच बंद पडतो आणि माणूस उगाच ऑगरची मोटर बदलतो.

काकू (ब्रॅटलबरो): दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची दोरी, कुणीच सांगितली नाही. एक डॉलरची नोट दारात धरून दार लावायचं, नोट ओढायची. सहज सुटली तर त्या जागी गॅस्केट दबलंय. असं चारी बाजूंनी करायचं. गळकं दार असेल तर हवा बर्नपॉटमधून न जाता भलतीकडून शिरते, ज्योत पिवळी लोळते आणि काच काळी होते. नवीन दोरी बसवताना ताणायची नाही, ताणली की बारीक होते.

वहिनी (नॅशुआ): काच काळीच आहे हो काकू 😟

काकू (ब्रॅटलबरो): मग नोट लावून बघच. काच थंड असताना ओल्या वर्तमानपत्राला तीच बारीक राख लावून पूस, निघेल.

वहिनी (नॅशुआ): व्हेंटचं काय करायचं?

दादा (काँकर्ड): पाइपच्या खालच्या टीचं (T आकाराच्या जोडाचं) झाकण काढ, खाली पिशवी बांध, पाइपच्या मापाचा ब्रश घाल. तुझा बहुतेक ३ इंची किंवा ४ इंची असेल, मोजून घे. काही जण बाहेरून लीफ ब्लोअरची ओढणारी बाजू लावतात. छान निघतं, पण स्टोव्ह पूर्ण गार हवा आणि तोंडाला मास्क. ढग उठतो. झाल्यावर बाहेरच्या तोंडाला जाळी बसवून टाक, पक्षी आणि गांधीलमाश्या घरटी करतात.

मामा (कीन): जाळीबद्दल मी सहमत नाही. पक्षी अडतात, दमट हवा अडत नाही. नुसता गार स्टोव्ह तळघरात असला की व्हेंटमधून आणि जाळासाठी बाहेरून हवा आणणाऱ्या पाइपमधून ती हवा आत येते आणि थंड पत्र्यावर पाणी धरते. मी दोन्ही तोंडांवर जाड प्लास्टिक पिशवी घट्ट बांधायला सांगेन. शिवाय जाळी थंडीत तशीच राहिली तर राखेने बुजते आणि धूर कोंडतो.

दादा (काँकर्ड): हे खरं, जाळी थंडीत राहायलाच नको. पण पिशवी बांधून विसरलं तर?

मामा (कीन): म्हणून प्लग काढायचा आणि प्लगलाच चिठ्ठी बांधायची. प्लग तसाही काढायलाच हवा, उन्हाळ्यातल्या विजांनी कंट्रोल बोर्ड जळतो.

वहिनी (नॅशुआ): आत ओल शोषायला बाथरूममधला डबा ठेवू? तो पाणी जमवणारा?

मामा (कीन): तो नको, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते खारट पाणी सांडलं तर राखेपेक्षा वाईट गंज. सिलिका जेलच्या पुड्या ठेव. हवं तर बर्नपॉटवर आणि आतल्या उघड्या लोखंडावर तेलाचा हलका हात फिरव. ऑक्टोबरात पहिल्या जाळाला धूर आणि वास येईल, तेव्हा खिडकी उघडी ठेव. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र उन्हाळ्यातही चालूच.

काकू (ब्रॅटलबरो): राख टाकून देऊ नकोस. आपली माती आंबट, लॉनला चुन्यासारखी उपयोगी पडते. १००० चौरस फुटांना वर्षाला २० पौंडांपेक्षा जास्त नको. ब्लूबेरी, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या बुंध्याशी अजिबात नाही, बटाट्याच्या वाफ्यातही नाही, खवड्या पडतात.

वहिनी (नॅशुआ): आणि न उघडलेल्या ११ बॅगा आहेत गॅरेजमध्ये.

काकू (ब्रॅटलबरो): सिमेंटला टेकवू नकोस, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर (पॅलेटवर) रच, भिंतीपासून जरा लांब. भोक पडलेल्या बॅगेला आत्ताच टेप लाव. एखादी भिजून फुगली असेल तर ती झाडांखाली पसर, स्टोव्हमध्ये नको. पुढच्या वर्षाची बेगमीही आत्ताच बघ, बरेच दुकानदार वसंतात टनामागे भाव कमी लावतात. टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० बॅगा, जागा मोजून मग सांग.

वहिनी (नॅशुआ): शनिवारी सकाळी सुरू करते. चिठ्ठीवर काय लिहू मामा?

मामा (कीन): मोठ्या अक्षरात: "बाहेर दोन पिशव्या बांधल्यात, व्हेंट आणि हवेचा पाइप. आतून सिलिकाच्या पुड्या काढा. मगच प्लग लावा."