चालीवर लिहिलेले गीत दुय्यम असते का?

दुधनाकाठ (सेलू)

मागच्या आठवड्यात परभणीत एका छोट्या साहित्यिक मेळाव्याला गेलो होतो. गीतलेखनावरच्या सत्रात एका ज्येष्ठ वक्त्यांनी असे विधान केले की, आधी बांधलेल्या चालीवर शब्द बसवणारा माणूस फार तर कारागीर असतो, त्याला कवी म्हणता येणार नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही, आणि का आली नाही ते घरी आल्यावर नीट उमगले, म्हणून इथे मांडतो आहे.

चालीवर रचना करणे ही चित्रपटवाल्यांनी आणलेली नवी खोड आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्या आज्या कशा गात होत्या हे आठवून पाहावे. पहाटे दोघी जणी जात्याच्या दोन अंगांना बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात असे, आणि दगडाच्या फेऱ्याने जी लय धरली असेल तिच्यातच ओवी उमटत असे. गळा, म्हणजे गाण्याची चाल, आईकडून किंवा सासूकडून आलेली, लय जात्याची, आणि शब्द तेवढे त्या बाईचे. गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव आपण दळणकांडणाशी जोडतो ते उगाच नाही. अभंग घेतला तरी तेच दिसते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. हा साचा पैठणच्या नाथांना हाताशी तयार मिळाला होता, आणि त्या साच्यात बसणाऱ्या एकाच चालीवर कीर्तनकार आजही शेकडो अभंग म्हणतात. साचा आधी आणि शब्द नंतर, हा क्रम ज्यांना हीन वाटतो त्यांनी मग संतांनाही कारागीर म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. ना. धों. महानोर अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचे शेतकरी. १९७७ च्या 'जैत रे जैत' या चित्रपटासाठी त्यांनी सह्याद्रीतल्या ठाकर आदिवासींची गाणी लिहिली. 'नभ उतरू आलं' एवढेच तीन शब्द घ्या आणि बोटांवर मोजा : न, भ, उ, त ही चार अक्षरे लघू, म्हणजे आखूड उच्चाराची, आणि मग रू, आ, लं ही तीन गुरू, म्हणजे लांब उच्चाराची. आधी लगबग आणि मग संथ खाली येणे, म्हणजे अर्थात जे घडते आहे तेच अक्षरांच्या वजनातही घडते आहे. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ते इतके मिसळून गेले आहे की शब्द आधी की सूर आधी हा प्रश्न ऐकणाऱ्याला सुचतच नाही. जो प्रश्न ऐकणाऱ्याला सुचत नाही, त्यावरून गीताची प्रत कशी ठरवायची?

बालाघाटकर (बीड)

आपले लेखन आवडले, पण जात्याचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते असे मला वाटते. जात्यावरची ओवी मोजून-मापून नसते. एखादीत चार अक्षरे जास्त येतात, एखादीत भावाचे लांबलचक नाव येते, आणि बाई ती अक्षरे गळ्यात सामावून घेते. शब्द संपेपर्यंत सूर थांबतो. ग्रंथातली ओवीसुद्धा साडेतीन चरणांची म्हणतात, तरी अक्षरसंख्येच्या बाबतीत ती मोकळीच असते. कीर्तनातही बुवा चरण ओढतात, आवळतात. म्हणजे आपल्या परंपरेत साचा होता हे खरे, पण तो ओल्या मातीचा होता. आजचा संगीतकार जो ट्रॅक पाठवतो तो भाजलेल्या विटेसारखा असतो. त्यात ठेका संगणकाने बांधलेला असतो आणि एका मात्रेचीही सवलत नसते.

त्याचा परिणाम काय होतो ते ऐकू येतेच. जागा भरायची म्हणून 'गं', 'रं', 'हो', 'ना' येतात. तेवढ्याने भागले नाही की 'सये' येते, 'साजणी' येते. ऱ्हस्व अक्षर दोन मात्रा ओढले जाते आणि दीर्घ अक्षर चिमटीत पकडल्यासारखे उरकले जाते. अंगरखा आधी शिवायचा आणि मग त्या मापाचा माणूस गावभर शोधायचा, असा हा प्रकार आहे.

उलट बाजूचे उदाहरण सर्वांना पाठ आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले तेव्हा ग. दि. माडगूळकर गीत लिहून देत आणि सुधीर फडके त्या शब्दांना चाल लावत. अशी छप्पन्न गीते झाली. आठवड्याच्या आठवड्याला गीत द्यायचे म्हणजे घाई तर तिथेही होती, पण प्रत्येक पात्राच्या तोंडी त्याची स्वतःची भाषा टिकून राहिली, कारण तिथे सूर शब्दाच्या मागून चालत होता. आपल्या वक्त्यांचा 'कारागीर' हा शब्द मला मान्य नाही (कारागिराला कमी लेखणे ही आपल्या समाजाची वाईट सवय आहे), पण त्यांची तक्रार मात्र मान्य आहे.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटकर सर, आपण चित्रपट आणि आकाशवाणीपलीकडे पाहिलेले दिसत नाही. चालीवर लिहिण्याची सर्वांत मोठी शाळा आमच्या वस्त्यांमध्ये भरली. आंबेडकरी जलसाकारांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या गायन पार्ट्यांनी लोकांच्या ओठावर असलेली चाल उचलायची आणि तिच्यावर बाबासाहेबांचा विचार मांडायचा, ही रीत ठरवून स्वीकारली होती. ऐकणाऱ्याजवळ छापील पुस्तक नव्हते, पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. परंतु चाल ओळखीची असली की दुसऱ्या कडव्यापासून अख्खा मांडव ध्रुवपद उचलत असे. सूर ओळखीचा असल्यामुळे सगळे लक्ष नव्या शब्दाकडे लागत असे, आणि आपण म्हणता त्याच्या हे नेमके उलटे आहे. लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी ज्या घरांत टिकली, त्यांतल्या कित्येक घरांत त्यांचे पुस्तक कधीच आलेले नव्हते.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर नामविस्तार दिनाची गर्दी होते, तेव्हा एकदा येऊन उभे राहावे. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि १९९४ मध्ये नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे लोकांनी काय सोसले ते अनेकांनी आधी गाण्यांतूनच ऐकले. त्या गाण्यांच्या चाली उसन्या होत्या का, असे तिथे कोणी विचारत नाही.

बालाघाटकर (बीड)

तुमचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो माझ्या लक्षात आधी आला नव्हता हेही मान्य करतो. तरी एक भेद राहतोच. तिथे चाल कवीने स्वतः निवडलेली असते. त्याला हवी ती उचलली, नको ती सोडली. इथे चाल त्याच्यावर सोपवली जाते आणि परवा सकाळपर्यंत शब्द मागितले जातात.

पेटीवाला (लातूर)

मी गेली काही वर्षे स्थानिक संगीतकारांसाठी गीते लिहितो. बहुतेक भक्तिगीते आणि लग्नाची गाणी असतात, क्वचित एखादा लघुपट असतो. नाव घेण्याजोगे त्यात काही नाही, पण चालीवर लिहिताना प्रत्यक्षात काय होते ते सांगू शकतो.

मोबाइलवर चाल येते, तीत संगीतकार नुसते 'ल ल ला' गुणगुणत असतो. मी आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते ते पाहतो, मग गायकाला श्वास कुठे घेता येईल ते पाहतो, कारण शब्दाच्या पोटात श्वास घ्यावा लागला तर तो शब्द मेलाच. त्यानंतर सूर जिथे लांब थांबतो ती जागा शोधतो. तिथे 'आ', 'ए', 'ओ' असा मोकळा स्वर हवा, जोडाक्षर तर अजिबात नको. अर्थाचा विचार त्याच्याही नंतर सुरू होतो. हे ऐकून काहींना वाईट वाटेल, पण माझ्यापुरते हे असेच आहे.

गेल्या वर्षी एक पावसाचे गाणे आले होते. अंतऱ्याच्या शेवटी वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, चार मात्रांचा ठहराव होता. मी 'पाऊस' लिहिले, तर गायिकेचा 'ऊ' लांबला आणि मागे 'स' नुसता फुसफुसत राहिला. मग 'सरी' लिहिले, पण इतक्या वर 'ई' घेताना आवाज चिमटला. शेवटी 'धारा' लिहिले आणि ते बसले. मात्र शब्द बसताच डोक्यात पावसाची धार राहिली नाही. पहाटे गोठ्यात आई म्हशीची धार काढायची तो आवाज आला, रिकाम्या चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा. अख्खा अंतरा पुन्हा लिहिला. पावसाचे गाणे आईचे झाले, आणि संगीतकारालाही ते पटले. शब्द आधी लिहिला असता तर मी त्या गोठ्यापर्यंत पोचलोच नसतो. बालाघाटकर सर, अडचणीने असेही काही हाती लागते. दहांतून सात वेळा मात्र आपण म्हणता तीच 'साजणी' हाती लागते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

बालाघाटकर (बीड)

फार सुंदर सांगितलेत. पण मला एक विचारू द्या. शब्द दोनदा बदलला, अंतरा बदलला, गाण्याचा विषय बदलला. मग चार मात्रांचा तो ठहराव दोन मात्रांचा करावा, असे कोणाला का सुचले नाही?

पेटीवाला (लातूर)

सुचले होते, मीच विचारले होते. ट्रॅक भरून झाला होता, वादकांचे पैसे देऊन झाले होते आणि गीतकाराचे अजून द्यायचे होते.

दुधनाकाठ (सेलू)

या दोन वाक्यांनी माझा मूळ प्रश्नच हलला आहे. मी शब्द आधी की चाल आधी याचा विचार कलेच्या अंगाने करत होतो, आणि इथे दिसते आहे की ज्याचे पैसे आधी दिले जातात त्याचे काम बदलत नाही. ओली माती आणि भाजलेली वीट हा बालाघाटकरांचा भेद मला आता पूर्ण पटतो, फक्त वीट भाजली कोणी हेही सांगायला हवे. संगीतकार आणि गीतकार शेजारी बसून काम करत असतील तर चाल आधी असली तरी ती ओलीच राहते, कारण समोरचा माणूस 'इथे थोडे थांबा' असे म्हणू शकतो. एकाने फोनवर पाठवायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या जिल्ह्यात बसून भरायचे, यात ते राहत नाही. तरीही चालीवर लिहिलेले गीत मुळातच दुय्यम असते, हे मी अजूनही मानणार नाही.

गोदाकाठची (गंगाखेड)

सुरुवातीलाच जनाबाईंचे नाव आले, पण तिच्या अभंगातली एक गोष्ट कोणी सांगितली नाही. शेवटी 'जनी म्हणे' येते. नामदेवांकडे 'नामा म्हणे' येते, नाथांकडे 'एका जनार्दनी' येते, आणि वामनदादांच्या गाण्यांतही शेवटच्या कडव्यात 'वामन' भेटतो. रचना करणाऱ्याचे नाव गाण्याच्या मात्रांतच बांधलेले असे. ते गाळायचे म्हटले तर चरण लंगडा होई. आज ॲपवर गाणे लावले की गायकाचे नाव दिसते, चित्रपटाचे दिसते, आणि गीतकार शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावे लागते. पुष्कळदा त्यानंतरही तो सापडत नाही.

पेटीवाले दादा, पैशाचा विषय निघाला म्हणून सांगते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिलेल्या गीताचा हक्क निर्मात्याला दिला असला, तरी चित्रपटगृहातले चित्रपटाचे प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज तो कोणाच्या नावेही करता येत नाही. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातल्या गीतांनाही असेच संरक्षण आहे. गीतकारांसाठी हे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी पाहते. तुम्ही सदस्य झाला आहात का? 'सगळे हक्क दिले' अशा कागदावर सही करून पुष्कळ जण गप्प बसतात.

पेटीवाला (लातूर)

ताई, सदस्य झालेलो नाही. अर्ज आणून ठेवला आहे, तो आता भरतो. धारेच्या त्या गाण्यावर माझे नाव आलेच नाही. विचारले तर 'चुकून राहिले' असे उत्तर मिळाले.

तुमचे नाममुद्रेचे वाचून हसू आले, कारण तो प्रयोग मी करून पाहिला आहे. एका भक्तिगीताच्या शेवटच्या अंतऱ्यात माझे नाव गुंफले होते, तर गाणे तीन मिनिटांत बसत नाही म्हणून नेमका तोच अंतरा कापला गेला. ध्रुवपद कोणी कापत नाही, तेव्हा पुढच्या वेळी नाव तिथेच घालावे असा विचार आहे. पण माझ्या नावात दोन जोडाक्षरे आहेत, आणि समेवर त्यांतले एकही नीट बसत नाही.