साध्या पंपाची जुनी पिकअप मोडीत घालू नका (चर्चा)

गूळगाडी_०९

दिवाळी पाडव्याचे सौदे झाले की कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत नव्या पिकअप वाढल्यात आणि जुन्या डीआयवाले (साध्या पंपाच्या डिझेल पिकअपवाले) एकमेकांना विचारायला लागलेत, "काढून टाकू का?" माझं मत: इंजिन आणि चॅसी धड असेल तर अजिबात काढू नका.

साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाला (डिझेल सोडणारा पंप संगणकाविना, नुसत्या यंत्रावर चालतो) वीज लागते ती सेल मारण्यापुरती. बॅटरी बसली तर चार पोरं बोलवायची, धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. पंपात हवा शिरली तर बोल्ट ढिला करायचा, हाताचा प्रायमर दाबत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. गगनबावड्याच्या वाटेवर रात्री मोबाईलच्या उजेडात हे काम होतं. नव्या गाडीत पिवळा दिवा लागतो, गाडी ताकद सोडते आणि स्कॅनरवाला येईपर्यंत साळवणला चहा पीत बसा.

गिअरचंही तेच. करूळ घाटात माल भरून उतरताना दुसरा टाकला की गाडी हातात राहते, ब्रेक तापत नाहीत. आता पिकअपमध्येही ऑटोमॅटिकचं फॅड आलंय. टोयोटाची हायलक्स घ्या, इसुझूची व्ही-क्रॉस घ्या, दोन्हींत मिळतं. फार्महाऊसला जायला ठीक आहे.

आणि आपल्याकडं शिवाजी उद्यमनगर आहे. बुश, पिन, शॅकल, काय हवं ते नमुना दाखवून लेथवर करून मिळतं. नव्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, लेथवर होत नाही.

मतं येऊ द्यात. शिव्या नकोत, गाडीलासुद्धा.

हिशेबी_माणूस

दादा, लेख झकास, हिशेब कच्चा. मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग वाहतो. तिथं गेटवर आधी गाडीचे कागद बघतात, मग माल. सकाळी आठला माल मशिन शॉपला पोचला नाही तर तिकडची लाईन थांबते, आणि दुसऱ्या दिवशी आपलं भाडं दुसऱ्याकडं जातं. "पंपात हवा शिरली होती" हे कारण तिथं चालत नाही.

मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आणि वर पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांची फिटनेस फीसुद्धा चांगलीच वाढली. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नव्या नंबर प्लेटचा खर्च वेगळा. हे सगळं निदान पावतीवर येतं. मिस्त्रीला आज दोनशे, परवा पाचशे दिलेले कुणी लिहूनच ठेवत नाही, म्हणून जुनी गाडी स्वस्त वाटते. एक वर्ष वही घाला आणि मग बोला.

गूळगाडी_०९

@हिशेबी_माणूस, वहीत हप्ता पण लिहा की. गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता पळत असतो. गुऱ्हाळं बंद झाली की पावसाळाभर आमची भाडी निम्म्यावर येतात. जुन्या गाडीला उभं राहायचा खर्च नाही. तुमचं बारमाही काम आहे, तुम्ही नवी घ्या, मी कुठं अडवलंय?

घाटवाला

गिअरचा मुद्दा मुळातच सोडा. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त, आपल्याकडच्या मालवाहू पिकअप नव्या घेतल्या तरी मॅन्युअलच येतात. ऑटोमॅटिकला नावं ठेवणार असाल तर आकडेही बघा. हायलक्सचं तेच २.८ लिटरचं इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) देतं, ऑटोमॅटिकमध्ये ५००. आणि उतारावर ऑटोमॅटिकलाही हातानं खालच्या गिअरवर बांधून ठेवता येतं. भोगावतीपासून फोंडा घाट उतरून कणकवलीपर्यंत मी दोन्ही चालवल्यात. घाटात ड्रायव्हर बघावा लागतो, गिअरचा दांडका नंतर.

पंप_नोझल

मी दोन्ही गाड्या उघडतो, म्हणून दोन्हीकडनं शिव्या खातो. तरी सांगतो.

नव्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी गाडीच्या न्हाईत, वापराच्या हाईत. बीएस-६, म्हंजी धुराचा नवा नियम, आलं १ एप्रिल २०२० ला, तवापासनं डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हंजी धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसला. त्यात काजळी साठती. ती जाळायला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागती. आता बघा, यार्डातनं लक्ष्मीपुरी, लक्ष्मीपुरीतनं गंगावेस, दिवसभर पहिला-दुसरा गिअर. कुठनं येणार सहाशे डिग्री? गाडी आपणहून काजळी जाळायला घेती, आयडलिंग जरा चढतं, ड्रायव्हरला वाटतं कायतरी बिघडलं, तो चावी फिरवून बंद करतो. असं चार-सहा वेळा झालं की फिल्टर गच्च. मग दिवा, मग गाडी ओढंना, मग माझ्या दारात. दिवा लागल्या लागल्या हायवेला काढा, कागलपातुर एका लयीत न्या आणि आणा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं.

काही शहाणे फिल्टरच कापून काढा म्हणत्यात. मी न्हाई करत. पासिंगला अडकशील, आणि धूर तुझ्याच पोरांच्या नाकात जाणार हाय.

आता गूळगाडी दादांच्या बाजूनं. कॉमन रेलमधी, म्हंजी नव्या गाड्यांच्या संगणकानं चालणाऱ्या डिझेल यंत्रणेत, डिझेलचा दाब हजार बारच्या लई वर जातो. डिझेलात जरा पाणी आलं तरी डिझेल फवारणारा इंजेक्टर गेला, आणि त्येची किंमत ऐकून गिऱ्हाईक स्टुलावर बसतं. साध्या पंपाला एवढं नाजूकपण न्हाई. पण दादा, पंप बेंचवर चढवून चारी नोझलला डिझेल सारखं जातंय का बघणारी माणसं आता कमी झाल्यात. माझ्याकडं येणारी पोरं स्कॅनर मागत्यात, पंपाला हात लावायला नको म्हणत्यात. तुमची गाडी टिकंल, मिस्त्री टिकायला पाहिजे.

रंकाळा_कट्टा

बीएस-६ चं डिझेल जुना पंप खातं म्हणतात. गंधक काढल्यामुळं डिझेल कोरडं पडतं. खरं का?

हिशेबी_माणूस

@रंकाळा_कट्टा, गंधक कमी झालं हे खरं, ५० पीपीएमवरून (दहा लाखात पन्नास भाग) १० वर आलं. पण वंगणपणा कमी पडू नये म्हणून रिफायनरीतच अॅडिटिव्ह घालतात, प्रमाणकात त्याची मर्यादा ठरलेली आहे. टाकीत रॉकेल मिसळणाऱ्यांचे पंप मात्र झिजतात. त्याचं खापर सरकारी डिझेलवर फोडू नका.

रोपवाटिका_शिरोळ

इथं सगळे इंजिनावर बोलताहेत, गाडी चालवतं कोण ते कुणी विचारत नाही. आमच्या नर्सरीच्या गाडीवर मीच असते. भाजीच्या रोपांचे ट्रे भरायचे, जयसिंगपूर, इचलकरंजी, निपाणीपर्यंत पोचवायचे. आधी घरची जुनी डीआय होती, पॉवर स्टिअरिंग नसलेली. पॉलिहाऊसच्या दोन रांगांमधून भरलेली गाडी रिव्हर्स घ्यायची म्हणजे जागेवर उभ्या गाडीचं चाक वळवायचं. दोन्ही हात चाकावर, कंबर सीटवरून उचललेली, तरी चाक इंचभर फिरायचं. क्लच असा की संध्याकाळी डावा गुडघा वेगळा जाणवायचा. वर केबिनमध्ये इंजिनाची धग.

नवी घेतल्यावर तेच वळण मी एका हातानं घेते. पावसात पुढं म्हैस आडवी आली तर ब्रेक दाबून गाडी तिरपी होत नाही, एबीएस आहे, ते चाकं जाम होऊ देत नाही. दिवा लागतो कधीमधी, लागू दे. साध्या गाडीच्या साधेपणाचा भार कुणाच्या तरी खांद्यावर असतोच. बहुतेक वेळा तो पगारी ड्रायव्हर असतो आणि कौतुक मालक करतो.

गूळगाडी_०९

ताई, स्टिअरिंगचं मान्य, त्यावर वाद घालत नाही. पण पॉवर स्टिअरिंगला ईसीयू लागत नाही. साध्या पंपाच्या कितीतरी गाड्यांना ते होतं. मला राग आहे तो एका सेन्सरपायी अख्खी गाडी अडते त्याचा. टाकीतलं डीईएफ, म्हणजे ते युरियाचं पाणी, संपलं तर ती पद्धत असलेली गाडी बंद केल्यावर परत चालूच होत नाही. डिझेल आहे, इंजिन ठणठणीत आहे, आणि गाडी म्हणते नाही येत. हे कुठलं शहाणपण?

रोपवाटिका_शिरोळ

संपायच्या आधी ती शेकडो किलोमीटर सांगत असते हो. घरात गॅस संपत आला की आपण नंबर लावतोच ना?

पंचगंगा_काठ

२०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. आमच्या गल्लीत पाणी ओसरल्यावर जुन्या गाड्या ऑइल बदलून, डिझेलची टाकी धुऊन चालू झाल्या. नव्यांचं वायरिंग आणि कंट्रोल युनिट बदलायला लागलं. माझं मत तिथंच ठरलं.

घाटवाला

@पंचगंगा_काठ, उभी गाडी बुडाली तर तुमचं बरोबर. पण हे वाचून कुणीतरी चालू गाडी पाण्यात घालायचा. एअर फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला गाडी नवी की जुनी हे कळत नाही.

मुक्काम_पुणे

कोल्हापूरचाच आहे, मत द्यायचा हक्क राखून ठेवलाय. अमेरिकेतही हेच भांडण चालू आहे. तिथल्या मोठ्या पिकअपमधला शेवटचा मॅन्युअल गिअर रॅमच्या हेवी ड्यूटी गाड्यांत होता, तोही २०१८ नंतर गेला. लोक पंचवीस वर्षं जुने छोटे जपानी ट्रक आयात करून चालवतात, कारण पंचवीस वर्षांवरच्या गाडीला तिथले नवे नियम लागू होत नाहीत. पण मजा पुढं आहे. टोयोटानं २०२३ मध्ये थायलंडला हायलक्स चॅम्प काढली, सपाट हौदा, साधी केबिन, मॅन्युअल गिअर, आणि गाडी कोरी करकरीत. २०२५ मध्ये अमेरिकेत स्लेट नावाच्या कंपनीनं दोन सीटची पिकअप दाखवली, काचा हातानं फिरवायच्या, स्क्रीन नाही, आणि ती विजेवर चालते! म्हणजे साधी गाडी हवी तर जुनीच हवी असं काही नाही. कंपन्यांकडं मागणी करा, भंगाराला का मिठी मारता?

गूळगाडी_०९

भंगार म्हणू नका पावणं, दुखतं. थायलंडची गाडी थायलंडला. इथं मिळेल तेव्हा रांगेत पहिला मी.

हिशेबी_माणूस

एक प्रश्न राहिला. गुळाचा रवा तीस किलोचा. १.७ टन पासिंगच्या (म्हणजे कायद्यानं तेवढंच वजन भरता येणाऱ्या) गाडीत छप्पन्न रवे बसतात. दादा, तुमच्या जुन्या गाडीत किती भरता? जुन्या गाडीचं निम्मं कौतुक म्हणजे ओव्हरलोड सोसते याचं कौतुक असतं. पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा) वाढवून घेतलेत का नाही, खरं सांगा.

गूळगाडी_०९

यार्डात मोजून छप्पन्न भरणारा सापडला तर त्याला पाडव्याला हार घालू. पाटे वाढवलेत. ब्रेक मात्र दर हंगामाआधी उघडून बघतो.

पंप_नोझल

पाटे वाढवल्यानं ब्रेक वाढत न्हाईत दादा. करूळला हे ध्यानात ठेवा.

नवा_गडी_कागल

मी दूध आणि पशुखाद्याची गाडी सुरू करणार आहे. पैसे कमी, फिरणं गावातल्या गावात, रोज थांबत-थांबत. जुनी बघू का? बघताना काय बघू?

हिशेबी_माणूस

कर्ज मिळत असेल तर नवी छोटी सीएनजी बघ. थांबत-थांबत कामाला डिझेल कशाला? डीपीएफची कटकटही नको.

पंप_नोझल

सीएनजीचं बरोबर सांगितलं, पण गावाजवळ पंप हाय का आणि तिथं रांग केवढी असती ते आधी बघ.

जुनीच घेणार असशील तर सकाळी इंजिन गार असताना जा. मालकानं आधीच तापवून ठेवली असंल तर परत ये. सेल किती मारायला लागतो बघ, चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढ, तिथनं धूर फकाफका आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. दुसऱ्या गिअरवर उतार घे आणि पाय सोड, गिअर निसटून न्यूट्रलला आला तर बॉक्स उघडायचा खर्च धर. गाडीखाली झोप आणि मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी चॅसीला वेल्डिंग मारलंय का बघ. तिथं नवा रंग दिसला तर नखानं खरवड. आरसीवर बँकेचा बोजा, पासिंगची तारीख, कर भरल्याची पावती, तिन्ही हातात घेतल्याबिगर इसार द्यायचा न्हाई. गाडी ठरली की माझ्याकडं आण, पंप बघून देतो. सोमवारी येऊ नको, गॅरेज बंद असतंय.