पीएम किसानची वसुली नोटीस: टीडीएस कापला गेला म्हणजे वडील 'करदाते' ठरतात का?

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे, सातबारा वडिलांच्या नावावर. परवा तहसीलमधून नोटीस आली: तुम्ही आयकर भरणारे असल्यामुळे पीएम किसानला (शेतकऱ्यांच्या खात्यावर 2,000 रुपयांचे हप्ते देणारी केंद्राची योजना) अपात्र आहात, घेतलेले 5 हप्ते म्हणजे 10,000 रुपये परत भरा, नाहीतर सक्तीने वसुली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादीही लागली आहे.

वडिलांनी आयुष्यात कधी आयकर भरलेला नाही. झालं असं, रस्त्यात थोडी जमीन गेली, त्याचे आठ लाख 2018 मध्ये बँकेत एफडी केले. 15एच फॉर्म (आपल्याला कर लागत नाही, व्याजातून कापू नका असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा) द्यायचा राहून गेला आणि बँकेने व्याजावर टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. तो परत मिळावा म्हणून मी 2019 मध्ये त्यांचं रिटर्न भरलं. कर शून्य निघाला आणि कापलेली सगळी रक्कम खात्यावर परत आली. माझा अंदाज, पॅनवर टीडीएस दिसला म्हणून नाव यादीत गेलं असावं. योजनेचा नियम मात्र 'मागच्या असेसमेंट इयरमध्ये (कर आकारणीच्या वर्षात) आयकर भरलेली व्यक्ती' असा आहे. रिटर्न भरणं आणि कर भरणं एकच कसं?

या पाचातला शेवटचा हप्ता एप्रिल 2020 चा. मार्चच्या 26 तारखेला अर्थमंत्र्यांनी गरीब कल्याण पॅकेजमध्ये जाहीर केलं होतं, 8.7 कोटी शेतकऱ्यांना 2,000 रुपये एप्रिलच्या सुरुवातीलाच देणार म्हणून. तेव्हा कोरोनाचा लॉकडाऊन लागलेला आणि आमचं दीड एकर कलिंगड काढणीला आलं होतं. इसार दिलेला व्यापारी फोन उचलेना. चार-पाच गावांत टेम्पो फिरवून विकलं तेवढं विकलं, उरलेलं जनावरांपुढे टाकलं. मल्चिंग पेपर आणि खताची उधारी अंगावर होती. त्यात ते दोन हजार आले आणि आईच्या बीपीच्या गोळ्या, घरचा किराणा त्यातून आला. रक्कम लहान वाटेल कुणाला, पण त्या महिन्यात घरात आलेला तो एकमेव पैसा होता. म्हणून 'अपात्र' हा शब्द फार लागला. वडील दोन दिवस पारावर गेलेले नाहीत. म्हणतात, भरून टाक आणि मोकळा हो.

माझं मन तयार नाही. भरले तर चूक कबूल केल्यासारखं होईल, आणि पुढचे हप्ते कायमचे बंद होतील ही भीती.

माझ्याकडे 26एएस (पॅनवर कापलेल्या कराचा उतारा), रिटर्नची पोच आणि कलम 143(1) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून आयकर खात्याने पाठवलेलं पत्र) आहे. त्यात कर शून्य आणि परतावा स्वच्छ दिसतो. लेखी हरकत तहसीलदारांकडेच द्यायची की कृषी खात्याकडेही? तलाठी भाऊसाहेब 'वरून यादी आली आहे' एवढंच सांगतात. आणि समजा एका वर्षासाठी करदाते धरलंच, तरी त्याआधीचे हप्ते कसे मागता येतील? 2019 चा पहिला हप्तासुद्धा नोटिशीत धरला आहे.

कुणाचं नाव अशा यादीतून निघालं असेल तर अर्जात नेमकं काय लिहिलं ते सांगा. पोच कुणाच्या सहीची घेतली तेही. मुदत पंधरा दिवसांची आहे, त्यातले चार गेले.