मदत हवी आहे: प्रतीक्षाकाळाची तुलना नेमकी कशी करावी?

नमस्कार. सार्वजनिक आणि खासगी आरोग्यव्यवस्थांची तुलना करणारे टिपण मी लिहीत असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत नियोजित उपचारांसाठी थांबलेल्या ९२ टक्के रुग्णांची प्रतीक्षा १८ आठवड्यांच्या आत असावी, असा निकष आहे. तो पाळला न गेल्यास निदान त्याची नोंद तरी होते. खासगी व्यवस्थेत मात्र ज्याला खर्च परवडत नाही, तो रांगेत उभाच राहत नाही आणि त्याचे थांबणे कोणत्याच आकड्यात उमटत नाही. मग या दोन प्रतीक्षाकाळांची थेट तुलना न्याय्य कशी ठरेल? न घेतलेल्या उपचारांची मोजदाद करण्याची एखादी विश्वासार्ह पद्धत आहे का? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रश्न रुग्णाच्या निवडीचा आहे. सार्वजनिक रुग्णालयात दोन महिन्यांत उपचार मिळणार नसतील, तर सरकारी खर्चाने खासगी रुग्णालय निवडण्याची मुभा डेन्मार्कने २००२ मध्ये दिली आणि २००७ मध्ये ही मुदत एका महिन्यावर आणली. अशा तरतुदीने रांग खरोखर घटते, की डॉक्टर आणि परिचारिका खासगीकडे वळल्यामुळे मागे राहिलेल्यांची, विशेषतः गुंतागुंतीच्या आजारांच्या रुग्णांची, प्रतीक्षा उलट वाढते?

आरोग्य अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी, तसेच दोन्ही व्यवस्थांत काम केलेल्या डॉक्टरांनी कृपया सविस्तर लिहावे. माझ्या मांडणीला छेद देणारी मतेही अवश्य कळवावीत.