‘मी त्याला बोलले’ : सांगितलं की झापलं?

डबिंगवाली : हिंदी मालिका मराठीत करतेय. मूळ वाक्य ‘मैंने उसको बोला, मत आ.’ मी लिहिलं, ‘मी त्याला बोलले, येऊ नकोस.’ तपासणारे म्हणतात, बोलले म्हणजे झापलं, ‘सांगितलं’ करा. पण ‘बोला’च्या ‘ब’ला ओठ मिटतात, ‘सांगितलं’मध्ये कुठेच नाही. पडद्यावर लगेच कळतं.

काना-मात्रा : तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. एखाद्याशी बोलणं म्हणजे संवाद, एखाद्याला बोलणं म्हणजे खरडपट्टी. ‘लेकी बोले सुने लागे’ यात लेकीला निरोप देत नाहीत! ‘बोलणी खाणे’ही त्यातलंच.

बारा कोस : मुंबई-ठाण्यात ‘तुला बोललो ना’ रोज कानावर पडतं, कोणी कोणाला झापत नसतं. पात्र कुठलं ते आधी सांगा. लालबागची पोरगी ‘म्हणाले’ म्हणाली तर खोटी वाटेल.

काना-मात्रा : ती हिंदीची छाया.

बारा कोस : असेल. पण हिंदीत ‘उसने बोला’, आपल्याकडे ‘तो बोलला’. ‘त्याने बोललं’ अजून कानाला खटकतंच की.

तळटीप : कारण ‘बोलणे’ला कर्म असलं तरी कर्त्याला ‘ने’ लागत नाही : तो खोटं बोलला. शिकणे, विसरणे त्याच पंगतीत. ‘म्हणणे’ मात्र दोन्ही दगडांवर : तो म्हणाला, त्याने म्हटलं. तुमचा उपाय तिथेच आहे. ‘मी त्याला म्हटलं, येऊ नकोस.’ ‘म’ला ओठ मिटतात, लांबी ‘बोला’एवढीच, झापल्याचा वास नाही. शिवाय बाई की पुरुष हेही झाकलं जातं. मालिकेत निनावी चिठ्ठी आली तर उपयोगी पडेल.

डबिंगवाली : पण ‘मत आ’ हा हुकूम आहे. ‘त्याला म्हटलं’मध्ये त्याने ऐकलंच पाहिजे असं नाही. हुकूम ‘सांगितलं’मध्येच येतो.

तळटीप : मग पात्र पाठमोरं असेल तिथे ‘सांगितलं’ घाला.

काना-मात्रा : मुळात ‘बोलणे’चा अर्थ हाक मारणे असणार. ‘बोलावणे’ बघा.

बारा कोस : ते प्रयोजक रूप, अर्थ पुढे सरकलाय. खरंच बोलायला लावायचं तर आपण ‘बोलतं करणे’ म्हणतो, नाहीतर ‘वदवून घेणे’. बिचारा ‘वदणे’ कवितेतून सुटला तो थेट पोलीसचौकीत गेला.

काना-मात्रा : ‘वदवणे’ पुराणिकबुवांचं आहे, पोलिसांचं नाही.

डबिंगवाली : पाठमोरं नाही हो, क्लोजअप आहे. उद्या सकाळी रेकॉर्डिंग.